पेशींचे निरोप

मासिक पाळीच्या वेळीं पोट धरून निजणाऱ्या मुलीला ‘बाईच्या जातीला हें चालायचेंच’ असें सांगून वडीलधारी माणसें गप्प बसवितात. त्या बोलण्यांत माया असते. पण पुष्कळदां ज्ञान नसतें. अशा वेदनेमागें एन्डोमेट्रिओसिस नांवाचा विकार असूं शकतो. प्रजननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के स्त्रियांना तो होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गर्भाशयाच्या आंतील अस्तरासारख्या पेशी या विकारांत गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा उदराच्या आंतील पडद्यावर वाढूं लागतात. पाळीचें कांहीं रक्त बीजवाहिन्यांतून उलट उदरांत उतरतें व त्याबरोबर या पेशीही तेथें जातात, असें अमेरिकेंतील डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनीं १९२७ सालीं प्रतिपादन केलें. परंतु हा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होत असतो, असें पुढें आढळून आलें. मग बीं सर्वत्र पडत असतां तें थोड्याच ठिकाणीं कां रुजावें?

याचें उत्तर आज पेशींच्या परस्परांतील रासायनिक निरोपांत शोधलें जातें. एक पेशी विशिष्ट द्रव्य सोडते. दुसरी तें ओळखते आणि तदनुसार तिचें वर्तन बदलतें. उदरांत आलेल्या भलत्या पेशींचा निकाल लावणें हें मॅक्रोफेज नामक रक्षक पेशींचें काम. या विकारांत त्या आपलें काम नीट करीत नाहींत, उलट दाह वाढविणारीं द्रव्यें सोडतात. प्रोस्टाग्लँडिन हें द्रव्य वाढतें. तें चुकलेल्या पेशींतील अरोमाटेज या एन्झाइमास चालना देतें. अरोमाटेजमुळें तेथल्या तेथें ईस्ट्रोजेन तयार होतें. आणि ईस्ट्रोजेन पुन्हां प्रोस्टाग्लँडिन वाढवितें. असें हें रहाटगाडगें फिरत राहतें. वाढ आवरण्याचा प्रोजेस्टेरोनचा निरोप मात्र या पेशी नीट मानीत नाहींत. आणखी कांहीं निरोपांनीं तेथें नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मज्जातंतू येतात. रक्तवाहिन्यांतून पोषण मिळतें, मज्जातंतूंतून वेदना जाणवते.

हा विकार समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं; तथापि हें चक्र मंद करणारीं हार्मोनचीं औषधें आहेत, व गरज पडल्यास शस्त्रक्रियाही करतात. परंतु निदान होण्यासच कित्येक वर्षें जातात, आणि त्यांतील कांहीं वर्षें घरांतच, न ऐकल्यामुळें, वायां जातात. म्हणून श्रोतेहो, दर महिन्यास शाळा किंवा काम बुडावें इतकें पोट दुखत असेल, तर तें ‘चालायचेंच’ म्हणून सोडूं नये. मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावें. पेशींचे निरोप उकलण्यास प्रयोगशाळा लागते. मुलगी तोंडानें सांगते तेवढें तरी घरानें ऐकावें.