मेंढपाळाचें मौन

वेल्समधील बाला येथें ९ ऑक्टोबर १८७३ रोजीं मेंढ्या हांकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. ब्रिटनमधील अशा स्पर्धांचा आरंभ तेव्हांपासून मानतात. दहा कुत्र्यांत पहिला आला तो जेम्स थॉमसन या वेल्सनिवासी स्कॉटिश गृहस्थाचा ट्वीड. शहरांतील श्रोत्यांना ही कुत्र्याचीच परीक्षा वाटेल. वस्तुतः तींत खरी कसोटी लागते ती माणसाची.

स्पर्धक एका खांबापाशीं उभा राहतो. तीनचारशें यार्डांवर कांहीं मेंढ्या असतात. कुत्र्यानें मोठा वळसा घेऊन त्यांच्या मागें जावयाचें, त्यांना न बिचकवितां हलवावयाचें, सरळ रेषेंत मालकाकडे आणावयाचें, मग फाटकांतून पलीकडे हांकून नेऊन शेवटीं लहानशा कुंपणांत घालावयाचें. मालकाच्या हातीं साधनें दोनच : शब्द आणि शीळ.

नवशिका येथेंच चुकतो. तो कुत्र्याकडे टक लावून पाहतो व पावलोपावलीं हुकूम सोडतो. परंतु चारशें यार्ड ओलांडावयास ध्वनीला एका सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत मेंढी वळलेली असते आणि योग्य हुकूमही अयोग्य ठरतो. म्हणून जाणता मेंढपाळ नजर ठेवतो ती पुढच्या मेंढीच्या मानेवर. मान जिकडे झुकते तिकडे कळप जाणार, हें ओळखून तो शीळ आधींच घालतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. मालक त्रासून ओरडला, कीं कुत्रा बावरून वेगानें पुढें घुसतो व मेंढ्या उधळतात. हुकूम एकाच सुरांत, थोडा आणि स्पष्ट असावा. सरावाच्या वेळीं अंतर कमी व मेंढ्या शांत असाव्या. ‘थांब’ म्हणतांच थांबणें पक्कें झाल्यावरच अंतर वाढवावें. कळपाच्या पलीकडे, मालकाच्या समोर येऊन उभें राहणें हा या जातीच्या कुत्र्याचा उपजत गुण आहे. तो जेथें आपण होऊन बरोबर जातो, तेथें मालकानें गप्प राहावें.

या मौनाचें मोल बक्षिसाहून मोठें आहे. डोंगरावर धुकें उतरलें म्हणजे मालकाला कुत्रा दिसत नाहीं आणि कुत्र्याला मालक दिसत नाहीं. प्रत्येक पावलाला हुकमाची संवय लागलेला कुत्रा तेथें गोंधळून उभा राहतो, आणि गाभण मेंढ्या कड्याकडे सरकत जातात. ज्याच्या बुद्धीवर विश्वास टाकलेला असतो, तो मात्र कळप घेऊन खालीं येतो.