अलिबागेत आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, नौदलातील अधिकारीवर्ग आणि देशभरातून आलेले संख्याशास्त्रज्ञ बंधुभगिनींनो,

सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागेत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. त्यांची समाधी गावातच आहे. समुद्रातला कुलाबा किल्ला शिवछत्रपतींनी सुरू केला, संभाजीराजांनी पुरा केला. आरमार हा आमच्या घरचा विषय आहे.

पण आमचा खरा अभिमान म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. सप्टेंबर १८५९ चे चुंबकीय महावादळ तिथे टिपले गेले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी तेव्हा अलिबाग निवडले, लोहाचा अंश टाळून पोरबंदरी दगडाची इमारत उभारली आणि १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळेच जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळला आणि मालिका अखंड राहिली. केवढी ही दूरदृष्टी! या माणसाची आठवण गावाने याहून जास्त ठेवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

चुंबकीय वादळात आयनांबर खवळते आणि जहाजांच्या लघुलहरी संदेशांतली अक्षरे गळतात, बदलतात. अशा चुका बहुधा झुंडीने येतात. त्यांचे गणिती प्रारूप एडगर गिल्बर्ट यांनी १९६० मध्ये मांडले. पुढचे आपण जाणकार बोलालच.

आता व्यवस्थेविषयी. सर्वांची सोय एका छताखाली झाली नाही. पाहुणे निरनिराळ्या लॉजमध्ये, काही तर घरोघरी उतरले आहेत. पाण्यासाठी टँकर आणि विजेसाठी जनरेटर ठेवला आहे, तरी काही उणे पडलेच तर पदरात घ्यावे. मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी, खोल्या देणारे हॉटेलचालक, नारळ-सुपारी पाठवणारे बागायतदार, पहाटेपासून मासळी निवडणाऱ्या कोळीवाड्यातील भगिनी, सभागृह देणारे संस्थाचालक आणि रात्री जागलेले विद्यार्थी या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. नाव न छापण्याच्या अटीवर मोठी देणगी देणाऱ्या सद्गृहस्थांनाही नमस्कार.

उद्या सकाळी वेधशाळा पाहायला अवश्य यावे. मोबाइल, किल्ल्या, लोखंडी वस्तू खोलीवरच ठेवाव्यात. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीतच पायी जाता येते, म्हणून निघण्यापूर्वी आमच्या स्वयंसेवकांना वेळ जरूर विचारावी.