ग्रंथ खुले, सूची बंद
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील ‘धवला’ टीका शतकानुशतके केवळ दर्शनापुरती होती. तिथून बाहेर आलेल्या नकलांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे ती अभ्यासकांच्या हाती पडली. आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनेही १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ छापून हेच कार्य केले. आपल्या मंदिरांतील पोथ्याही आता संगणकावर याव्यात, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विनामूल्य मिळाव्यात. मात्र त्यांच्यासोबत वधू-वर सूचीतील जन्मतारखा व दूरध्वनी क्रमांक जाऊ नयेत. गिऱ्हाइकाची उधारी वहीत असते, फळ्यावर नव्हे! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही भर संमतीवरच आहे. विश्वस्तांनी यंदाच घरोघरी संमतिपत्रके पाठवावीत, ही नम्र विनंती.