सापाचा फेस की झाडाचा चीक?



फेब्रुवारी-मार्चात रतलाम, मंदसौर, नीमचच्या शिवारांत फिरलात, तर दुपारी शेतकरी हिरव्या बोंडांना चिरा देताना दिसतील. पांढरा चीक रात्रभर पाझरतो, तांबूस पडतो. सकाळी तो खरवडून घ्यायचा. हीच अफू. ती परवान्यावर पिकवायची आणि सगळी सरकारला मोजून द्यायची. बोंडातलं बी म्हणजे आपल्या अनारशांवरची खसखस!

आता ‘अफू’ हा शब्द कुठला? वैद्यमंडळी म्हणतील, ‘अहिफेन’. अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस. अर्थ इतका चपखल, की शंका घ्यायलाही संकोच वाटावा. पण चरक-सुश्रुतांच्या संहितांत अफूचा पत्ताच नाही. अहिफेन भेटतो तो मध्ययुगात, शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांत. म्हणजे औषध बाहेरून आलं आणि येताना नावही घेऊन आलं.

ग्रीकमध्ये ‘ओपोस’ म्हणजे झाडाचा चीक. त्यावरून ‘ओपिऑन’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथं झालं ‘अफ्यून’. आपल्या पंडितांनी या परक्या पाहुण्याला सोवळं नेसवलं आणि पंक्तीला बसवलं! साप बिचारा उगाच बदनाम झाला. खरं नाव शेतकऱ्याच्याच तोंडी आहे: चीक.

चिनी लोक तिला ‘यापिएन’ म्हणतात. तोही याच ओपिऑनचा वंशज. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदुरात तोलली जाई, इंग्रजांचा कर भरून मुंबईला जाई आणि तिथून चीनला. तिच्यावर इथले सावकार गब्बर झाले. त्या पैशाविषयी आपण फारसं बोलत नाही.

पुढं जर्मनीत सेर्ट्युर्नर या औषधविक्याने अफूतलं मुख्य सत्त्व वेगळं काढलं आणि स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्या नावावरून त्याचं बारसं केलं. ते आपलं मॉर्फीन. 1832 मध्ये फ्रान्समधल्या रोबिके यांना दुसरं सत्त्व सापडलं. त्यांनी मात्र देवाला हात लावला नाही. ग्रीकमध्ये खसखशीच्या बोंडाला ‘कोडेया’ म्हणतात, म्हणून ते कोडीन.

खोकल्याच्या काही बाटल्यांवर हे नाव बारीक अक्षरांत असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती बाटली आणू नका. बोंड तेच आहे, सवय लागते.