रॅम एवढी का महागली, आणि पीसी आत्ता घ्यायचा का?

रत्नागिरीतून बोलतोय. सकाळची थंडी अजून आहे, बागांत मोहर दिसायला लागलाय, आणि माझ्या व्हॉट्सॲपवर गेला महिनाभर एकच प्रश्न येतोय. "दादा, पीसी आत्ता घेऊ की थांबू?" कोणी गेमिंगसाठी विचारतंय, कोणी कॉलेजसाठी, आणि बरेच जण घरी कॉलेज सांगून गेमिंगसाठी. हसू नका, मला सगळं कळतं. तर आजचा भाग त्यावरच. एसटीत रेंज जाते म्हणून ज्यांना ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी दोन कागद वाचून दाखवतो. माझा मावसभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने गणपतीच्या आधी मारुती मंदिरजवळच्या एका दुकानातून पीसीचं कोटेशन घेतलं होतं. त्यात १६ जीबीची डीडीआर५ रॅमची एक स्टिक साडेचार हजारांच्या आसपास. काका म्हणाले, दिवाळीनंतर बघू, व्यापाऱ्याकडचे पैसे यायचेत. नवीन वर्ष लागल्यावर त्याच दुकानातून दुसरं कोटेशन आणलं. प्रोसेसर तोच, कॅबिनेट तेच, पण रॅमचा आकडा पंधरा हजारांच्या वर. एसएसडीसुद्धा चढलेली. काकांचं पहिलं वाक्य, "हा पोराला गंडवतोय."

नाही गंडवत. दुकानदाराने आम्हाला त्याच्या होलसेलरचा मेसेज दाखवला. 'रेट आजच्यापुरता, उद्या परत विचारा.' मासळी बाजारात पापलेटचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, ते आपल्याला माहीत आहे. रॅमचा बदलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

तर हे झालं कसं? जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग आणि एसके हायनिक्स कोरियाच्या, मायक्रॉन अमेरिकेची. तिघींकडे कारखाने ठरलेले, आणि त्यातून महिन्याला किती वेफर निघणार तेही साधारण ठरलेलं. वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल पातळ चकती, बटाट्याचे नव्हेत. त्या चकतीवर मेमरीच्या चिप घडवतात आणि मग कापून सुट्या करतात.

आता हे आंब्याच्या बागेसारखं बघा. बाग तीच, कलमं तेवढीच. एखादा मोठा व्यापारी मोहर आल्या आल्या येतो आणि म्हणतो, सगळी बाग माझी, हे घ्या ॲडव्हान्स. बागायतदार काय करणार? चांगला माल त्याला जाणार. रत्नागिरीच्या बाजारात आपण पेटी विचारायला गेलो की भाव ऐकून परत यायचं. आंब्याच्या गावात राहून आंबा महाग, हे आपल्याला नवीन नाही.

इथे तो मोठा व्यापारी म्हणजे एआय कंपन्या. त्यांच्या डेटा सेंटरला एक वेगळी मेमरी लागते, हाय बँडविड्थ मेमरी, एचबीएम म्हणतात तिला. चिपवर चिप रचून केलेली, प्रचंड वेगवान. आणि मेख इथे आहे. मायक्रॉननेच सांगितलंय की तेवढ्याच क्षमतेची डीडीआर५ बनवायला जेवढे वेफर लागतात, त्याच्या साधारण तिप्पट एचबीएमला लागतात. म्हणजे एआयसाठी एक जीबी बनली की आपल्यासारख्यांच्या तीन जीबीची जागा गेली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी बोलणी करून जाहीर केलं की त्यांच्या स्टारगेट प्रकल्पासाठी महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंत मेमरी लागेल. एका कंपनीची, एका महिन्याची गरज! मग ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने सांगितलं की क्रुशल हा ब्रँड आम्ही बंद करतोय. ज्यांनी कधी जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवली असेल त्यांनी हे नाव वाचलं असेल. साध्या गिऱ्हाइकाला थेट माल विकायचा जवळजवळ तीस वर्षांचा धंदा त्यांनी गुंडाळला, कारण तोच माल डेटा सेंटरला द्यायचाय. त्याच सुमारास रुपयाही डॉलरला नव्वदच्या पलीकडे गेला. रॅम आपण आयात करतो, त्यामुळे तो फटका वेगळाच. वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या टीव्हीचा कर २८ वरून १८ वर आला, पण कॉम्प्युटर आणि मोबाईल आधीपासून १८ वरच होते, ते तिथेच राहिले. रॅम तिप्पट झाली की तिच्यावरचा करही तिप्पट, हे कोणी बोलत नाही.

"मग कारखाने वाढवत का नाहीत?" असं मावसभावाने विचारलं. बरोबर प्रश्न आहे. एक तर नवीन कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात. दुसरं, या कंपन्यांनी नुकताच मार खाल्लाय. लॉकडाऊननंतर मागणी पडली, माल गोदामात पडून राहिला, आणि एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगने चक्क उत्पादन कमी करत असल्याचं सांगितलं. एकदा कॅनिंगच्या भावात हापूस घालावा लागला की बागायतदार पुढच्या वर्षी जपून खर्च करतो. तसंच हे. आणि गुजरातला सानंदमध्ये मायक्रॉनचा प्रकल्प आहे त्याचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: तिथलं काम चिप जोडण्याचं, तपासण्याचं आणि पॅक करण्याचं आहे. वेफर बाहेरून येणार. त्यामुळे तिथून आपल्याला लगेच स्वस्त रॅम मिळेल ही आशा सोडा.

असं आधीही झालंय. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली आणि दुकानं रिकामी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि कार्डं परत बाजारात आली. दोन्ही वेळा भाव उतरले, पण वेळ लागला. या वेळचा गिऱ्हाईक जास्त पैसेवाला आहे आणि लांबचे करार करतोय. म्हणून मला तरी हे दोन-तीन महिन्यांत निवळेल असं वाटत नाही.

मोबाईलवाल्यांनो, तुम्हीही यात आहात. फोनमधली मेमरी त्याच कारखान्यांतून येते. त्यामुळे पुढचा फोन घेताना तेवढ्याच पैशात कमी रॅम मिळाली तर चकित होऊ नका. हातातला फोन नीट चालत असेल तर बॅटरी बदला आणि वापरा.

आता गेमकडे येतो. लोकांची समजूत अशी की हिट गेम म्हणजे भारी पीसी. काही बाबतीत खरं आहे. ब्लॅक मिथ: वुकाँग ऑगस्ट २०२४ मध्ये आला, तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या, आणि त्याला कमीत कमी १६ जीबी रॅम आणि १३० जीबी जागा लागते. पण २०२५ चा सगळ्यात गाजलेला दिवस आठवा. ४ सप्टेंबर, होलो नाइट: सिल्कसाँग. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची छोटीशी टीम. गेम आला त्या क्षणी एवढी गर्दी झाली की स्टीमसकट दुकानं कोलमडली. आणि तो जुन्यापान्या पीसीवर मजेत चालतो. बलाट्रो २०२४ मधला, पत्त्यांचा गेम, एका माणसाने केलेला, वर्षभरात पन्नास लाख खपला, त्याला एक जीबी रॅम पुरते. स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम, तोही एकाच माणसाने केलेला, चार कोटींच्या वर खप.

आपल्याकडे तर हिट ठरवले ते स्वस्त फोननेच. जिओ २०१६ मध्ये आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला, आणि मांडवीच्या जेट्टीवर गळ टाकून बसलेल्या पोरांच्या दुसऱ्या हातात फोन आडवा झाला. फ्री फायर इतका पसरला कारण तो साध्या फोनवरही पळायचा. पुढे दोन्हींवर बंदी आली, पबजीवर २०२० मध्ये, फ्री फायरवर २०२२ मध्ये, आणि बीजीएमआय आला, गेला, परत आला. ती कथा वेगळ्या भागाची.

आणि जीटीए सहा. याच्यासाठी पीसी घेऊन ठेवायचाय असे मला किमान दहा मेसेज आलेत. अरे बाबांनो, तो १९ नोव्हेंबर २०२६ ला जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीची तारीखच दिलेली नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. दीड वर्षापेक्षा जास्त! आज तिप्पट भावाने रॅम घेऊन तिच्यावर धूळ बसवायची का?

पण माझ्या मावसभावाची गोष्ट वेगळी आहे. त्याला खेळायचा नाही, बनवायचाय. काकांनी साठ हजार बाजूला काढलेत, आणि काका पुन्हा साठ हजार काढणार नाहीत. गणपतीच्या आधी त्या पैशात चांगलं मशीन येत होतं. आता येतं ते ८ जीबीचं. त्याने अनरिअल इंजिन ५ शिकायचं ठरवलं होतं, त्याला ३२ जीबी असलेली बरी. पोरगा दोन दिवस गप्प होता. मावशीने फोन करून सांगितलं, जेवतसुद्धा नाहीये.

त्याला मी 'राजी' दाखवला. राजी: ॲन एन्शंट एपिक, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. लहान टीम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम चालू ठेवलं. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला आणि पहिल्यांदा आला तो निन्टेंडो स्विचवर. स्विचमध्ये रॅम किती? चार जीबी. आपल्या साध्या फोनएवढी. तेवढ्यात त्यांनी भावाला शोधायला निघालेली राजी, राजस्थानी महाल, देवादिकांच्या कथा, सगळं बसवलं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं. मी असं म्हणत नाहीये की कमी रॅममुळे गेम चांगला झाला. गरिबीचं कौतुक करायची आपल्याला फार सवय आहे, आणि मला ते आवडत नाही. बनवणाऱ्यांना चांगलं मशीन मिळायलाच हवं. पण साठ हजार आणि ८ जीबी एवढंच हातात असेल तर दार बंद झालेलं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

मग आम्ही यादी बदलली. अनरिअल बाजूला, गोडो इंजिन घ्यायचं. फुकट आहे, हलकं आहे, आणि ब्रोटाटोसारखा गाजलेला गेम त्यातच झालाय. बलाट्रो तर लव नावाच्या त्याहून साध्या साधनात लिहिलाय. पहिलं वर्ष टूडी गेम. ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालवायचं. मदरबोर्ड मात्र जरा बरा, रॅमचे चार स्लॉट असलेला, आणि सध्या एकच स्टिक. एका स्टिकने वेग थोडा कमी मिळतो, चालेल. भाव उतरले की दुसरी. दुकानदारालाही हे पटलं. काका म्हणाले, "म्हणजे आत्ता अर्धंच जेवण?" मी म्हटलं, काका, पहिली वाढ समजा.

तुमच्यासाठी थोडक्यात. फक्त खेळायचं असेल आणि जुनं मशीन चालत असेल तर थांबा. शिक्षणाला लागत असेल तर थांबू नका, वर्ष वाया जाईल, पण वाढवता येईल असंच घ्या. लॅपटॉप घेताना विचारा, रॅम बोर्डला सोल्डर केलीये की स्लॉट आहे? सोल्डर असेल तर पुढे काही करता येणार नाही. घरात बंद पीसी पडलाय? त्यातली रॅम फेकू नका, पण डीडीआर३ ची स्टिक डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, जोर लावू नका. सेकंडहँड घेणार असाल तर मेमटेस्ट रात्रभर चालवून बघा. नवीन घेतली तर जीएसटीचं बिल जपा, रॅमची वॉरंटी लांबची असते आणि आता तुटली तर बदलून मिळणं म्हणजे पंधरा हजार वाचणं.

आणि हे फक्त आपल्या किनारपट्टीवाल्यांसाठी. खारी हवा रॅमच्या पट्ट्या खाते. मशीन बंद करून, प्लग काढून, स्टिक बाहेर काढा, सोनेरी पट्टीवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसा, परत बसवा. निम्म्या वेळा 'पीसी मेला' म्हणतात तो एवढ्यानेच उठतो. पावसाळ्यात मशीन वापरात नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. अर्थिंग तपासून घ्या, आणि लाईटचा खेळखंडोबा तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा यूपीएस लावा.

तुमच्या गावात कोटेशन काय मिळतंय त्याचा फोटो पाठवा, दुकानाचं नाव झाकून. चिपळूण, लांजा, राजापूर, सगळीकडचे भाव जमले की पुढच्या भागात वाचून दाखवतो. मावसभावाचा पहिला गेम खेकडे पकडण्याचा आहे. खेकडा अजून तिरका चालत नाहीये, सरळच धावतो. दुरुस्त झाला की लिंक टाकतो. चला, भेटू.