गोधडीवरचा मोहल्ला
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासावी, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत, हे या सभागृहात बहुतेकांना ठाऊक आहे. फलक वर्षानुवर्षे लागलेले आहेत. तरीही मुलीला क्षय झाला की तिला मामाच्या गावी धाडतात, गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवतात. कारण उद्या तिचे नाते ठरायचे असते. अडचण माहितीची नाही, तोंड उघडण्याची आहे.

मुंबईच्या धारावीत हे तोंड कसे उघडले ते सांगतो. शीवच्या रुग्णालयात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था निघाली. या संस्थेने २०१२ साली 'देखा अनदेखा' हे प्रदर्शन वस्तीतच भरवले. रहिवासी आणि कलावंत यांनी एकत्र बसून केलेली छायाचित्रे, मातीकाम, कापडकाम त्यात होते. पुढे २०१५ साली धारावी बिएनाले झाले, तेही आरोग्याच्या विषयावर. त्यात बायकांनी धारावीचा नकाशाच कापडावर शिवला आणि घरातली मारहाण कोठे कोठे झाली त्या जागा त्यावर दाखवल्या. मारहाण हा काय आरोग्याचा विषय, असे कोणी विचारील. जखम बांधायला शेवटी दवाखान्यातच जावे लागते ना?

आपल्याकडे गोधडी घरोघरी आहे. आपल्या मुलामुलींनी आपला मोहल्ला गोधडीवर शिवावा, असे माझे म्हणणे आहे. नजर सुईवर असली की कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, आणि बोलणे सुटते. 'या घराला खिडक्या किती?' असे एक विचारते, दुसरी म्हणते, 'एकही नाही.' कोंदट, बंद खोलीत क्षयाचे जंतू हवेत साचून राहतात, हे तिथे सांगावे. तेवढेच पुरे, व्याख्यान नको. मात्र एक पथ्य कडक पाळावे. आजारी माणसाचे घर गोधडीवर कधीही दाखवू नये. खिडक्या, नळ, गटारे दाखवा. रोगी दाखवू नका.

सजीवांची चित्रे काही वडीलधाऱ्यांना पसंत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारणच नाही. नळाला, पायरीला, मशिदीच्या हौदाला कोणाची हरकत? मुलांनीही सुई धरावी. जरीकामावर घर चालवणारे पुरुष आपल्यात थोडे नाहीत. दहावीचे वर्ष म्हणून जे पालक कुरकुरतील, त्यांना रविवारचे दोन तास जड जाऊ नयेत.

गोधडीने क्षय बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग उपचार लांबतो, अवघडही होतो. सरकारकडून रुग्णाला आहारासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये. ज्या मुलीच्या गोळ्या डब्यामागे आहेत, तिला हे सारे टाके घालता घालता कानावर पडले, तर ती आईला सांगू शकेल.

कापड संस्था देईल. जुन्या ओढण्या, लुंग्या, चादरी धुऊन रविवारी जोहरनंतर शाळेत आणाव्यात. नकाशा कोठून सुरू करायचा यावर आताच वाद आहे: मुली म्हणतात नळापासून, मुले म्हणतात मशिदीपासून. तो त्यांचा त्यांना मिटवू द्या.