जोडीदाराला उचलणारा रॅम्प



डीन केमन यांनी 1989 मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिच्या वतीनं शाळकरी मुलांसाठी दरवर्षी रोबोंची स्पर्धा होते. खेळ दरवर्षी नवा असतो. 2007 सालचा खेळ मला त्यात विशेष मोलाचा वाटतो. तीन-तीन संघांच्या दोन फळ्या समोरासमोर. मधल्या रॅकवर हवा भरलेल्या ट्यूबा अडकवायच्या. सलग पाच अडकवल्या तर 32 गुण. पण सामना संपताना आपल्या फळीतला एखादा रोबो जमिनीपासून 12 इंच वर असेल, तर त्या एकट्याचे 30. दोघांना वर घेतलं की 60!

म्हणून अनेक संघांनी जोडीदार रोबोंना वर चढता यावं यासाठी आपल्या रोबोच्या दोन्ही बाजूंना घडीचे रॅम्प बसवले. इथं खरी परीक्षा होती. उंचीनुसार पाडलेल्या गटांपैकी बुटक्या गटातल्या रोबोला वजनाची मर्यादा होती 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो. चाकं, मोटारी, हात, सगळं त्यात बसवायचं आणि उरलेल्या वजनात रॅम्प करायचा. त्यावर चढणारा जोडीदार मात्र बॅटरी आणि बंपर धरून साठ किलोंच्या वरचाही असू शकायचा.

मग पातळ पत्रा वापरावा का? पत्र्याची जाडी निम्मी केली, तर वाकण्याला होणारा त्याचा विरोध एक-अष्टमांशावर येतो. जाड पत्रा घ्यावा, तर वजन वाढतं. वाट सापडते ती वाकण्याची क्रिया नीट पाहिल्यावर. भार आला की वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या थराला फारसं काम उरत नाही. तेव्हा धातू वर आणि खाली ठेवायचा, मधे पोकळी. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी हेच करते. चाकं जिथून जातात तिथं अशा दोन नळ्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि वर चाकांना पकड देणारी खरखरीत पट्टी, एवढं पुरतं. नळ्यांना भोकं पाडून वजन घटवायचं असेल, तर ती उभ्या बाजूंच्या मध्यावर पाडावीत. वरच्या-खालच्या पृष्ठभागाला हात लावू नये. सांध्यांना शक्यतो रिव्हेट वापरावेत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं नेहमीच्या मजबूत ॲल्युमिनियमची ताकद सांध्याजवळ बरीच घटते.

चढणीचा हिशेबही हवा. मीटरभर लांबीत 30 सेंटिमीटर चढायचं, तर वजनाच्या तीस टक्के जोर केवळ चढण्यासाठी लागतो. रॅम्प आखूड केला की वजन वाचतं. पण चढ तीव्र होतो आणि वरच्या कडेवर रोबोचं पोट टेकतं. रॅम्पला स्वतःचे पायही द्यावेत. भार थेट जमिनीत उतरला, की एकाच बाजूनं जोडीदार चढला तरी आपला रोबो कलंडत नाही.

या विषयात माझं मन गुंततं ते एका गोष्टीमुळं. इथं मुलं आपल्या वाट्याचे किलो दुसऱ्या संघाला वर नेण्यासाठी खर्च करतात. रोबो बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: रॅम्प वजनकाट्यावर ठेवण्याआधी त्याच्या मध्यावर सत्तर किलोंची पोती ठेवा आणि तो किती वाकतो, ते पट्टीनं मोजा.